डिमसमला तीन तास बसायचं तर नीट कसं बसायचं?

तर्री_कमी_द्या

नमस्कार मंडळी. प्रश्न खाण्याचाच आहे पण जरा लांबण लावून सांगतो, कंटाळा आला तर सरळ खाली जा.

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे, आता पन्नाशी ओलांडली. महिन्यातल्या एका रविवारची दुपार ठरलेली. नागपुरात सदरमधलं एक जुनं चायनीज हॉटेल (नाव टाकत नाही, नाहीतर म्हणाल जाहिरात करून राहिला), कोपऱ्यातला गोल टेबल, साडेबाराला बसलो की चार वाजेपर्यंत उठायचं नाव नाही. आणि मे महिन्यात तर अजूनच, पंचेचाळीस डिग्रीत बाहेर निघून करायचं काय, घरी कूलरसमोर लोळण्यापेक्षा इथं एसीत गप्पा बऱ्या. आधी आमचं ठरलेलं असायचं, मंचाव सूप, हक्का नूडल्स आणि एक ट्रिपल शेजवान. प्लेटा आल्या की चौघंही मुंडी खाली घालून वीस मिनिटात मैदान साफ, मग बोटं पुसत एकमेकांच्या तोंडाकडे पाहा. दीडेक वर्षापूर्वी त्यांनी मेन्यूत डिमसमचं एक पान वाढवलं आणि तेव्हापासून आम्ही तेच खातो. बांबूची टोपली येते, झाकण काढलं की भस्सकन वाफ, आत सारण भरलेले चार छोटे नग. एकेक उचलला, चटणीत बुडवला, संपला, आता पुढची टोपली येईस्तोवर बोला काय बोलायचं ते. त्या रिकाम्या दहा मिनिटांत कोणाची बायपास, कोणाच्या पोरीचं लग्न, महाल भागातल्या जुन्या घराचा हिस्सा, सगळं निघते. नूडल्सच्या काळात यातलं काहीच माहीत नव्हतं आम्हाला.

आता अडचणी. गुरुजी (शाळेत शिकवायचे म्हणून) पक्के शाकाहारी, अंडंही नाही. पिंट्याला झिंगे चालत नाहीत, ओठ सुजतात. मी आणि वकील सगळं खातो. त्यामुळं कोबी-मशरूमची टोपली चौघांत एकेक नग बरोबर जमते, पण चिकनची टोपली तिघांत येते आणि उरलेल्या चौथ्या नगावरून दर वेळेस भांडण, जे वकीलच जिंकतो. बाकी नावं काही समजत नाहीत, म्हणून फिरून फिरून त्याच तीन टोपल्या. आता तर वेटर मेन्यूच देत नाही, नुसतं 'सर, वही?' विचारते.

दुसरं, डिमसमसोबत चहाच प्यायचा असते असं कोणीतरी सांगितलं. मे महिन्यात? नागपुरात?

तिसरं, वकील म्हणते हे मोमोच आहे, टोपलीत घालून तिप्पट पैसे घेऊन राहिले. मला उत्तर देता येत नाही.

आणि दर वेळेस तीन-साडेतीन तास टेबल अडवणं बरं दिसते का? एका मॉलमधल्या हॉटेलात एकदा आम्ही न मागताच वेटरनं बिल आणून ठेवलं होतं टेबलावर, तेव्हापासून मनात बसलं आहे.

विचारायचं कारण की गुरुजी जूनमध्ये पुण्याला पोराकडे कायमचे चालले. त्याआधीचा रविवार जरा नीट करावा म्हणतो.


फुटाळ्याचा_वारा

वकीलसाहेब बरोबर बोलून राहिले भाऊ. फुटाळा तलावावर गाडीवर उभं राहून मोमो खा, लाल चटणी डोक्यात गेली पाहिजे, पाच मिनिटात मोकळे. टोपलीचे पैसे कायले द्यायचे. आणि चहाच प्यायचा तर आपल्या टपरीवरचा काय वाईट आहे.


चारवर्षे_हाँगकाँग

मी नोकरीच्या निमित्तानं चार वर्षं हाँगकाँगला होतो, सध्या मुक्काम मनीषनगर. ऑफिसमधले लोक रविवारी धरून घेऊन जायचे, त्यामुळे थोडंफार सांगू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे तिथं 'चला डिमसम खायला' असं फार कुणी म्हणत नाही, 'याम चा' म्हणतात. अर्थ चहा पिणे, एवढाच. खाणं हे चहाच्या तोंडी लावायला. म्हणजे आपण 'चहाला या' म्हणतो आणि समोर चिवडा, लाडू, पोहे सगळं येतं ना, तसं. त्यामुळे तर्रीभाऊ, चहा सोडून कोल्ड्रिंक मागवलंत तर मूळ कार्यक्रमच रद्द केल्यासारखं आहे. दूध-साखर अर्थातच नाही. जास्मिन सगळीकडं मिळतो, हलका असतो, पहिल्यांदाच पिणाऱ्याला तोच द्या. पू-अर नावाचा काळपट चहा असतो, आंबवून मुरवलेला, पहिल्या घोटाला ओल्या मातीचा वास येतो आणि नाक मुरडावंसं वाटतं, पण तळणीच्या तेलकटपणावर तोच उतारा म्हणून तिथले म्हातारे तोच पितात. शेवंतीच्या वाळक्या फुलांचाही करतात. आपल्याकडचा मे महिना म्हणत असाल तर तिथला जुलै बघा, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला आणि लोक गरम चहाचे कपावर कप रिचवतायत.

मोमोवाल्या वादाचं उत्तर सोपं आहे. डिमसम हे एका पदार्थाचं नावच नाही. फराळ कसा, त्यात चकली पण आली, करंजी पण आली, शेव पण आली, तसं दक्षिण चीनमधल्या कँटोनीज लोकांचा हा सगळा गोतावळा आहे. त्यात वाफवलेलं आलं, तळलेलं आलं, भाजलेलं आलं, गोड पण आलं. शब्दाचा अर्थ हृदयाला शिवणारं असा काहीसा लावतात. मोमो तिबेटी, वेगळं घराणं. मोमोला डिमसम म्हणणं म्हणजे लाडूलाच फराळ म्हणण्यासारखं झालं. वकिलांना म्हणावं, उलटतपासणी घ्या.

नावांचं सांगतो. हार गाव (मला आधी वाटलं रामटेककडचं एखादं खेडं असेल) म्हणजे कोळंबीचं, पारदर्शक पारीतलं, ते पिंट्यासाहेबांना अजिबात नको. सिउ माय म्हणजे वरून उघडं, पिवळसर पारीचं, मुळात डुकराचं मांस आणि कोळंबी एकत्र असते, आपल्याकडं बहुतेक ठिकाणी चिकनचं करतात, पण विचारून घ्या कोळंबी टाकली आहे का. बाव म्हणजे पांढरा फुगलेला पाव, आत सारण, 'चार सिउ' नावाच्या बावमध्ये गोडसर भाजलेलं डुकराचं मांस. चेउंग फन म्हणजे तांदळाच्या पातळ पापुद्र्याची गुंडाळी, वर सोया सॉस, हे गुळगुळीत प्रकरण मला सगळ्यात आवडायचं. मुळ्याची वडी असते, लो बाक गो, वाफवून मग तव्यावर परतलेली. गुरुजी नाव ऐकून खूश होतील पण सांभाळा, तिच्यात सुकी कोळंबी आणि सॉसेजचे तुकडे असतात. शेवटी अंड्याचा टार्ट. कोंबडीचे पाय पण खातात, आधी तळून मग मसाल्यात शिजवून वाफवलेले, नुसतं चोखायचं. सावजीत पाया चोखणाऱ्यांनी नाकं मुरडू नयेत.

आता टेबलावरच्या गमती. बसल्याबसल्या लोक पहिल्या चहानं कप, वाटी, काड्या विसळून घेतात आणि ते पाणी एका भांड्यात ओततात. आपला कप भरायच्या आधी दुसऱ्यांचे भरायचे, आणि कुणी तुमचा भरला तर दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक करायची, म्हणजे थँक्यू, बोलणं न तोडता. याची गोष्ट अशी सांगतात की अठराव्या शतकातला छ्येनलुंग बादशहा वेष पालटून फिरत होता, चहाच्या दुकानात त्यानं नोकराचा कप भरला, आता नोकरानं लोटांगण घालावं तर बिंग फुटणार, म्हणून त्यानं गुडघे टेकल्यासारखी बोटं टेकवली. खरं-खोटं बादशहाला माहीत. आणि किटली रिकामी झाली की झाकण अर्धवट उघडं ठेवायचं, वेटर न बोलावता गरम पाणी ओतून जातो. पानं तीच, पाणी नवं. तीन-चार वेळा सहज चालतं.

तीन तासांचं म्हणाल तर तिथं सकाळी पेपर घेऊन दोन टोपल्यांवर तासन्‌तास बसणारे आजोबा मी पाहिलेत, पण रविवारी दुपारी रांग बाहेर गेली की हेच लोक टेबल दीड तासच मिळेल म्हणून आधीच बजावतात. म्हणजे तिथंही अमर्याद काही नाही.


सांभारवडी_स्पेशल

हाँगकाँगवाले दादा, तुमचं वाचून मला राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं, एरवी मी नुसती वाचते.

ती पारदर्शक पारी असते ना, ती कशाची असते म्हणून माझ्या मुलीनं पाहिलं तर गव्हाचं स्टार्च आणि टॅपिओकाचं पीठ. मी म्हटलं थांब, गव्हाचं स्टार्च म्हणजे आपला चीकच की! तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचं, खाली बसलेला पांढरा चीक घ्यायचा, वरचं पाणी फेकून द्यायचं. दर उन्हाळ्यात याच चिकाच्या कुरोड्या करून राहिलो आपण. आणि टॅपिओका म्हणजे साबुदाणा. म्हणजे कुरोडी आणि उपास यांचं लग्न लावलं की झाली चिनी पारी, एवढं सोपं वाटलं मला.

सोपं नव्हतं. वाळवलेला चीक एक वाटी आणि साबुदाण्याचं पीठ पाव वाटी घेतलं, आधी कोमट पाणी घातलं तर नुसता लगदा. पाणी खळखळ उकळतं पाहिजे, एकदम ओतायचं, झाकण ठेवायचं आणि हात भाजेल इतकं गरम असतानाच तेलाच्या हातानं मळायचं, अगदी मोदकाच्या उकडीसारखं. (आपल्याकडं विदर्भात मोदक तळलेलेच, पण माझं माहेर रत्नागिरीचं, म्हणून ही सवय.) आणि लाटण्यानं लाटायला गेलं की फाटते, कणकेसारखी ताणल्याच जात नाही. व्हिडिओत ते लोक रुंद सुऱ्याला तेल लावून गोळी दाबून चपटी करतात. माझ्याकडं कुठला तसा सुरा, मी दोन प्लास्टिकच्या मधे गोळी ठेवून वर वाटीनं दाबली. चुण्या मोदकासारख्याच पण एकाच बाजूनं, आणि लवकर, कारण सुकली की तडकते. खाली कोबीचं पान ठेवलं नाही तर बूडच चाळणीला राहते, पहिला घाणा तसाच गेला माझा. पाच-सहा मिनिटं वाफ पुरे, वड्यांसारखी वीस मिनिटं ठेवायची नाही, फुटते.

हॉटेलातल्याएवढी काचेसारखी नाही झाली, जरा दुधाळ राहिली. पण आतलं गाजर दिसत होतं! सारणात मशरूम, गाजर, पाण्यात भिजवलेलं सोयाबीन आणि भरपूर सांभार (म्हणजे कोथिंबीर) टाकला. चिनी माणसानं पाहिलं तर रडेल. आमच्या सासूबाईंनी सहा खाल्ले आणि म्हणाल्या, याला फोडणी का नाही दिली.

गुरुजींसाठी चौकशी करताना पारीत चरबी घालतात का तेवढं विचारा हो. मूळ कृतीत डुकराची चरबी असते बऱ्याचदा, मुलीनं वाचून सांगितलं.


भट्टीवरचा_माणूस

हॉटेल लाइनमध्ये वीस वर्षं काढली, आता केटरिंग आहे. दोन-चार कामाच्या गोष्टी, ज्या वेटर सांगत नाही.

टोपल्या वाफेवर एकावर एक रचलेल्या असतात. खालच्या टोपलीची वाफ वरच्यातून जाते आणि वरच्याचं पाणी खालच्यात टपकते. म्हणून व्हेज म्हणून मागवलं तरी ते चिकन-झिंग्याच्याच थप्पीत असू शकते. शाकाहारी माणूस सोबत असेल तर ऑर्डर देतानाच सांगा की व्हेजची थप्पी वेगळी लावा. चांगलं किचन असेल तर करते, नखरे केले तर समजून जा. झिंग्याची ॲलर्जी आहे त्यांनीही हे स्पष्ट सांगावं, 'नहीं चाहिए' म्हणू नका, 'ॲलर्जी है' म्हणा, किचनमध्ये त्या शब्दाला वजन आहे. तळलेलं मागवलं तर तेल वेगळं आहे का विचारा. आणि व्हेज डिशमध्येही ऑयस्टर सॉस पडते सवयीनं. मशरूमचं व्हेजवालं सॉस मिळते, पण ते आहे का हे विचारल्याशिवाय कळत नाही.

सगळ्या टोपल्या एकदम मागवू नका. एकदम मागवल्या तर एकदम येतात, आणि टोपलीतून काढलेली पारी दहा-पंधरा मिनिटात कडक होते, मग तुम्हीच म्हणता चव गेली. दोन मागवा, त्या आल्या की पुढच्या दोन सांगा. वाफवलेलं आधी, तळलेलं मधात, भात किंवा नूडल्स घ्यायचे तर शेवटी.

टेबल अडवण्याचं. रविवारी दीड ते तीन आमचा जीव जाते. तुम्ही बारालाच जाऊन बसा आणि त्या दीड तासात ऑर्डर थोडी थोडी चालू ठेवा, कोणी काही म्हणणार नाही. तीननंतर हॉटेल तसंही रिकामं, बसा पाचपर्यंत. दर महिन्याला येणारं गिऱ्हाईक कोणी घालवत नाही. ज्यांनी न मागता बिल ठेवलं त्यांच्या मालकाला धंदा कळत नाही. आणि वेटरला टीप हातात द्या, फोल्डरमध्ये नको.


फुटाळ्याचा_वारा

हाव, फराळाचा मुद्दा पटला. पण मोमोची लाल चटणी त्यांच्याकडं नाही म्हणजे नाही.


नवेगावबांध

मोमोचा विषय निघालाच आहे तर. आमच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगडकडं नॉर्ग्येलिंग म्हणून तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. हिवाळ्यात स्वेटर विकणारे तिबेटी लोक सगळ्यांना माहीत, पण विदर्भात त्यांचं एक पूर्ण गाव आहे, शेती आहे, हे नागपूरवाल्यांनाच सांगावं लागते. मोमो खायचा तर फुटाळ्यावर नाही, तिकडच्या कोणाशी ओळख काढून घरचा खा. चटणी तिखट असते, पण आपली जिरते त्यांच्यापुढे.


चारवर्षे_हाँगकाँग

हे माहीत नव्हतं! नवेगावबांधला तीनदा जाऊन आलो आणि कुणी बोललं नाही.

तर्रीभाऊ, रविवार झाला की इथं लिहा.


तर्री_कमी_द्या

झाला रविवार. सगळ्यांना धन्यवाद, आता हिशोब देतो.

बाराला पोचलो. वेटरनं सवयीप्रमाणे 'सर, वही?' विचारलं, मी म्हटलं नाही, आज मेन्यू आण. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. व्हेजची थप्पी वेगळी लावा म्हटलं तर आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला होईल. पारीत चरबी नाही, तेल वापरतो, असंही आतून निरोप आला. पिंट्याची ॲलर्जी सांगितली तर शेफ स्वतः बाहेर आला, सिउ मायमध्ये झिंगा आहे म्हणाला. आणि तो सिउ माय पिंट्या गेले दीड वर्ष अधूनमधून खात होता आणि घरी जाऊन गोळी घेत होता, त्याला वाटायचं चटणीनं होते. याला काय म्हणावं.

दोन दोन टोपल्यांचा सल्ला लाखमोलाचा. चेउंग फन त्यांच्याकडं नव्हता, पण व्हेजचा बाव होता, गुरुजींनी दोन खाल्ले. पारदर्शक पारीचं पालकाचं होतं, ते समोर धरून गुरुजी म्हणे यात आणि आमच्या आईच्या कुरोडीच्या चिकात काय फरक आहे रे. मी ताईंची पोस्ट वाचून दाखवली फोनवर, तर पुढचा अर्धा तास कुरोड्या वाळत घालताना कावळे हाकलायला कोण बसायचं यावर गेला.

चहा जास्मिनच घेतला. वकिलानं पहिला घोट घेतला आणि म्हणे अत्तराचं पाणी आहे, मग सहा कप प्यायला. बोटांची टकटक दहा मिनिटात सगळ्यांना जमली, पिंट्या तर वेटरनं पाण्याचा ग्लास ठेवला तरी टकटक करत होता. पण झाकणाची युक्ती काही चालली नाही. किटली रिकामी झाली, मी झाकण अर्धवट उघडं ठेवलं, वेटर आला, झाकण नीट लावून गेला. मी परत उघडलं. त्यानं परत येऊन लावलं. तिसऱ्यांदा मला हळूच म्हणाला, 'सर, ठंडी हो जाएगी.' मग सरळ मागितलं गरम पाणी.

वकिलाला फराळाचा दाखला दिला. विचार करून म्हणाला, ठीक आहे, डिमसम फराळ, पण मग मोमो त्या फराळातली करंजी आहे हे सिद्ध होते, माझंच म्हणणं खरं. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

पावणेपाचला उठलो. कोणी बिल आणून ठेवलं नाही, उलट साडेतीनला शेफनं न मागता गोड बाव पाठवले, चौघांसाठी चार. बाहेर आलो तर ऊन तसंच होतं. गुरुजींनी रिकामी टोपली विकत मिळते का विचारलं होतं, मॅनेजरनं एक जुनी तशीच देऊन टाकली, पैसे घेतले नाहीत. ती काखेत मारून ते स्कूटरवर पिंट्याच्या मागे बसून गेले.

आता पुढल्या महिन्यापासून तिघंच. म्हणजे चिकनच्याच नाही, सगळ्याच टोपल्यांत चौथा नग उरणार. मी हे बोलून दाखवलं तर वकील म्हणे, त्याची काळजी तू करू नको.